साहेबांचं मीठ

आमच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये सगळ्यात शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना असतो. जेमतेम एक ओळ मावेल एवढा. तीस वर्षं मी त्या ओळीत ‘समाधानकारक’ किंवा ‘सुधारणा आवश्यक’ एवढंच लिहीत आलो. मालक काय बोलला, आचारी कुठे लपला, मांजर कुठून निघालं, हे सगळं रकान्याच्या बाहेर उरत गेलं आणि माझ्याकडे साठत गेलं. घरी सांगायला लागलो की बायको म्हणते, “जेवताना नको.” म्हणून तुम्हाला सांगतो.

मी अन्न सुरक्षा अधिकारी होतो. शेवटची काही वर्षं पेण आणि रोहा हे दोन तालुके माझ्याकडे होते. हॉटेल, खानावळ, बेकरी, पापडाचा गृहोद्योग, ज्याला म्हणून लोकांना खायला घालायचंय त्याची फाइल माझ्या टेबलावर यायची. जीप चालवायचा दत्ताराम. तो माझ्याआधी दोन वर्षं खात्यात लागलेला, त्यामुळे कुठल्या हॉटेलात मागच्या दारानं शिरायचं हे त्यानंच मला शिकवलं.

मे महिन्यात मी रिटायर झालो. त्याआधीचे चार महिने टेबल साफ करण्यात गेले. सगळ्या फाइली गेल्या, एक काही केल्या जाईना. वडखळच्या सुमनच्या खानावळीची. रोह्याच्या एका कंपनीनं तिला शिफ्टच्या कामगारांचे डबे द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, लायसन्स हवं; आजवर छोट्या खानावळीची नुसती नोंदणी होती. ते मिळालं तर खानावळ उभी राहणार होती, नाही तर नाक्यावर नवी झालेली चकाचक हॉटेलं तिला गिळणार होती. आणि ते लायसन्स अडलं होतं माझ्यापाशी. सुमन हे तिचं खरं नाव नाही. नाव का बदललं ते शेवटी कळेल. वडखळला खानावळी पुष्कळ आहेत, शोधत बसू नका.

* * *

पण आधी अण्णांचं सांगतो. रोह्याच्या बाजारात त्यांचं जुनं हॉटेल आहे, उसळपाव फर्स्ट क्लास. लायसन्स दर्शनी भागात लावायचं असा नियम आहे. आता अण्णांच्या हॉटेलात दर्शनी भाग म्हणजे गल्ल्यामागचा देव्हारा. गिऱ्हाईक आत आलं की पहिला नमस्कार तिथेच करतं. म्हणून त्यांनी लायसन्सला फ्रेम करून देवांच्या रांगेत बसवलेलं.

मी गेलो तर फ्रेमला झेंडूचा हार, खाली उदबत्ती, आणि काचेवर हळदकुंकवाचा चांगला जाड टिळा. वाचायला म्हणून काच पुसू लागलो तर अण्णा दचकले. त्यांनी आधी नमस्कार केला, मग स्वतःच्या उपरण्यानं पुसून दिलं. टिळ्याच्या बरोब्बर खाली मुदतीची तारीख होती. दोन वर्षांपूर्वीच उलटून गेलेली.

“अण्णा, हे संपलंय.”

अण्णांना ते पटेना. फ्रेमकडे बघत म्हणाले, “साहेब, रोज पूजा करतोय. संपेल कसं?”

दंडाची नोटीस दिली, नवीन लायसन्स करून दिलं, आणि ते समोरच्या भिंतीवर लावायला लावलं. वर्षभरानं गेलो तर नवीन भिंतीवर होतं आणि जुनं अजून देव्हाऱ्यात, ताज्या हारासकट. मी काही विचारायच्या आत अण्णाच म्हणाले की पुजलेली वस्तू अशी उचलून टाकता येत नाही, अनंत चतुर्दशीला रीतसर नेऊन सोडतो. मी शेऱ्यात ‘समाधानकारक’ लिहिलं.

* * *

दुसरी गोष्ट हायवेची. एकदा आम्ही पेणहून तपासण्या करत निघालो. पहिल्या हॉटेलात आचारी डोक्याला पांढरी टोपी, हातात हातमोजे, असा एकदम तयार. टोपीवर डाव्या कानापाशी आंब्याच्या कोयीएवढा हळदीचा डाग. म्हटलं, काम करणारा माणूस आहे, डाग पडायचाच.

वडखळच्या हॉटेलात गेलो. तिथल्या आचाऱ्याच्या टोपीवरही डाव्या कानापाशी डाग. म्हटलं, योगायोग. पुढे नागोठण्याच्या अलीकडे जीप चालवता चालवता दत्ताराम म्हणाला, “साहेब, हा मोटारसायकलवाला आपल्याला तिसऱ्यांदा ओव्हरटेक करतोय.”

तिसऱ्या हॉटेलात आचारी धापा टाकत उभा. टोपी उलटी घातलेली, त्यामुळे डाग आता उजव्या कानापाशी! मी टोपी हातात घेतली तर ती मागच्या दोघांच्या घामानं ओलीचिंब.

मालकाला बाजूला घेतलं. तो बिचारा सरळ माणूस, सगळं सांगून मोकळा झाला. हायवेवरच्या आठ हॉटेलवाल्यांनी मिळून एक पेटी केली होती. तीत सहा टोप्या, सहा ॲप्रन, हातमोजे आणि एक थर्मामीटर. पेटीला नावही होतं, ‘साहेबांचा डबा’. मी निघालो की फोन फिरायचा आणि डबा माझ्यापुढे पळायचा.

मी सगळ्यांना ज्याचा त्याचा संच घ्यायला लावला. महिन्यानं परत गेलो तर टोप्या नव्या कोऱ्या होत्या, पण कपाटात, कुलपात. मालक किल्ली घेऊन धावला. “वापरून मळवल्या नाय साहेब, तुमच्यासाठी ठेवल्यात.”

तेव्हापासून मला सवयच लागली. कुठेही गेलो की आधी शोधायचं, इथे ‘साहेबांचं’ काय आहे. कुठे बेसिनवर साहेबांचा साबण असतो, कागद नुकताच फाडलेला. कुठे साहेबांचा टॉवेल. आपण जातो तेवढा वेळच त्या वस्तू जगतात. तीस वर्षं मी स्वच्छता तपासली की माझंच स्वागत तपासलं, असा प्रश्न कधी कधी पडायचा. उत्तर फारसं आवडण्यासारखं नव्हतं.

* * *

सुमनच्या खानावळीत गेलो तेही हेच शोधत. पण सापडेना. ओटा घासलेला, मासळी बर्फात, भाजीची विळी वेगळी आणि मासळीची वेगळी, पिण्याच्या पाण्यावर झाकण, डावाला लांब दांडा. सुमन चाळिशीची, बोलायला मोकळी. मी एकेका रकान्यात बरोबरची खूण करत चाललो होतो, आणि मग फळीवर मिठाची एक पिशवी दिसली. सीलबंद, वर बोटभर धूळ.

“हे काय?”

“हे?” ती हसली. खोटं बोलणं तिला जमत नसावं. “साहेबांचं मीठ.”

मग खरं मीठ कुठाय म्हणून बघितलं. चुलीशेजारी स्टुलावर तिचे वडील बसले होते. पंच्याहत्तरीचे असतील. तळपाय असे की पायात काही घातलंय असंच वाटावं. सारी जिंदगी मिठागरात उघड्या पायानं गेलेली. त्यांच्या मांडीशी चिनी मातीची बरणी. सुमननं कालवणाचं पातेलं आणून समोर धरलं. म्हाताऱ्यानं बरणीत हात घातला, मूठ भरली, न बघता पातेल्यात सोडली. मग पातेलं चुलीवर चढलं. भाताचं तसंच, डाळीचं तसंच. सुमन म्हणाली, बाबांचा हात लागल्याशिवाय इथे काही शिजत नाही.

मीठ त्यांच्या स्वतःच्या मिठागराचं होतं. काही वर्षांपूर्वी उधाणाला खाडीचा बांध फुटला, पाणी आत शिरलं ते शिरलंच. आता तिथे तिवरं उगवलीत. त्या शेवटच्या हंगामाचं मीठ त्यांनी गोणी भरून घरी आणलं होतं. गोण्या पडवीत थप्पीला होत्या, आणि तिथून बरणी भरायचं काम बाबांचं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

माझ्याकडे तपासणीची एक बारकी बाटली असते. मिठावर थेंब टाकायचा, आयोडीन असेल तर मीठ निळं-जांभळं होतं. बाबांच्या मिठावर टाकला. पांढरं ते पांढरंच राहिलं.

मी समजावलं की असं मीठ लोकांच्या जेवणात चालत नाही. बाबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “समिंदराचं मीठ हाय. त्यात काय नाय असं व्हईल?”

आता हा नियम मला नुसता छापील नाही. मी आतल्या गावचा, भात आणि वाल पिकवणाऱ्यांतला. माझ्या मावशीच्या गळ्यावर गाठ होती, हनुवटीखाली मूठ ठेवल्यासारखी. ती फोटो काढताना कायम पदर ओढून घ्यायची. डॉक्टरांनी आयोडीनचं सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून मी बाबांना म्हटलं, नसतं त्यात. आणि फॉर्मवर ‘सुधारणा आवश्यक’ लिहिलं.

* * *

नियम किती शहाणा असतो याबद्दल माझं मत नेहमी सारखं राहिलेलं नाही. गागोदे बुद्रुकच्या बाजूला एका शेतकऱ्यानं शनिवार-रविवारी पाहुण्यांना पोपटी खायला घालायचा धंदा सुरू केला. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि वर जाळ करायचा. मुंबई-पुण्याची माणसं गाड्या घेऊन यायला लागली, तसा तो शहाणा माणूस आपणहून लायसन्सला आला.

अर्जासोबत स्वयंपाकघराचा नकाशा जोडावा लागतो. त्यानं जोडला. कोऱ्या कागदावर एक चौकोन, त्यात लिहिलेलं ‘शेत’. मध्ये एक गोल, ‘मडकं’. कोपऱ्यात एक बाण, ‘वारा’. खाली तळटीप होती की वारा फिरला तर मडकं दुसऱ्या बांधाला जाईल.

असा नकाशा खात्याच्या वेबसाइटवर चढवायचा कसा, म्हणून मी स्वतः बघायला गेलो. जाळ ऐन भरात होता. मी विचारलं, आत कोंबडी शिजली की नाही हे कसं ठरवता? आमच्या नियमात मांस आतपर्यंत इतक्या तापमानाला पोचलं पाहिजे असं असतं. तो म्हणाला की मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र करून उडालं की झालं.

मी म्हटलं, चर्रवर कागद होत नाही. थर्मामीटर काढला, त्यानं मडकं उघडलं आणि मी काडी कोंबडीत खुपसली. आकडा चढत चढत गेला, शंभराच्या जवळ जाऊन थरथरला आणि थर्मामीटर बंद पडला. सरकारी खरेदीचा होता.

शेतकऱ्यानं तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, मला परत दिला. “चर्र बंद पडत नाय साहेब.”

पोपटी मात्र अशी झाली होती की दत्तारामनं दोनदा घेतली.

* * *

पाण्याचंही असंच. खानावळीच्या पाण्याचा लॅबचा रिपोर्ट लागतो. रोह्याकडच्या एका चहावाल्याच्या घरामागे विहीर होती, त्याच पाण्याचा चहा. मी त्याला सांगितलं, बाटलीत नमुना भरून लॅबला दे.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला, नापास. मी दुकान बंद ठेवण्याची नोटीस घेऊन गेलो. चहावाला कपाळाला हात लावून बसलेला. त्याला राग आला होता, पण माझा नव्हे.

“साहेब, पहिल्यांदाच सरकारात पाणी जाणार होतं, म्हणून दुकानातनं विकतची बाटली घेतली. सीलबंद. ती नापास झाली.”

विहिरीचं पाणी मी स्वतः शेंदून, माझ्या हातानं बाटलीत भरून पाठवलं. पास झालं. त्या दिवसापासून तो चहावाला सीलबंद बाटली दुकानात ठेवत नाही. पाहुण्यानं मागितली तर म्हणतो, “ती नापास हाय.” ती नक्की कुठल्या कंपनीची होती हे त्याला आठवेना, आणि बाटली तर त्यानं रागानं कधीच भिरकावून दिलेली.

* * *

एप्रिलच्या सुरुवातीला सुमनकडे परत गेलो. कंपनीच्या कँटीनवाल्यानं तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर डबे दुसऱ्याकडे जाणार. बरणी होती तिथेच होती. थेंब टाकला, मीठ पांढरं.

मी तिला मधला मार्ग सुचवला. बाबांना एक लहान पातेलं द्या, त्यांच्या हातानं त्यांच्यापुरतं मीठ घालू द्या. बाकी सगळ्यात पिशवीतलं घाला. म्हाताऱ्या माणसाला काय कळणार आहे, असंही बोलून गेलो. या वाक्याची मला अजून लाज वाटते.

सुमननं हातातला डाव खाली ठेवला. “साहेब, बांध फुटला तवा मिठागर गेलं. आता हातातलं मीठ पन मीच काढून घेऊ?”

“डबे जातील.”

“जाऊं दे.” तिचा आवाज खाली आला होता. “सकाळी उठून ते आंघोळ करतात नि त्या स्टुलावर येऊन बसतात. तेवढ्यासाठीच उठतात हो. मी नाय सांगायची.”

मी चिडलो. खरं म्हणजे मला त्या बाईची फाइल पास करायची होती आणि तीच मला करू देत नव्हती. बाहेर येता येता मी बोललो की मिठाएवढ्या गोष्टीसाठी लायसन्स अडतंय, महिनाअखेरीला डबे गेले की मग माझ्याकडे रडत येऊ नका. माझा आवाज मुळातच मोठा आहे. बायको म्हणते की मी वरसेत घरी बोललो तर पलीकडे रोह्यात ऐकू जातं. पडवीत गोणीपाशी बाबा बरणी भरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दत्तारामनं जीप सुरू केली आणि वडखळपासून पेणपर्यंत समोरच बघत चालवली.

* * *

त्याच आठवड्यात एका ढाब्यावर कामगारांची मेडिकल सर्टिफिकेटं तपासली. स्वयंपाकाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तपासणी लागते. सहा कामगार, सहा रिपोर्ट. सहाही जणांचा रक्तगट एक. चला, होतं असं. सहाही जणांचं वजन ब्याण्णव किलो. समोर सहाजण उभे होते, त्यातला एक तर वाऱ्यानं पडेल असा.

मालकाकडे बघितलं. मालक भरदार माणूस, ब्याण्णवला कुठेच कमी नाही.

“आचाऱ्याला दवाखान्यात धाडलं तर भाकऱ्या कोण थापणार?” तो म्हणाला. “मी रिकामाच असतो. सहाव्यांदा गेलो तेव्हा त्या सिस्टरनं मला चहा पाजला.”

एरवी मी तिथे पोट धरून हसलो असतो. पण त्या दिवशी डोक्यात सुमनचं चाललं होतं, आणि मी नोटीस लिहून निघालो.

* * *

महिनाअखेरीला दोन दिवस उरले असताना सुमनचा फोन आला, परत तपासायला या म्हणाली. मी विचारलं, मीठ बदललंत का? ती म्हणाली, “तुम्ही या तर.”

स्टूल तिथेच. बाबा तिथेच. बरणी तीच, मीठही तसंच खड्याचं, जरा मळकट पांढरं. मी चिमूटभर बशीत घेतलं आणि थेंब टाकला.

मीठ निळं झालं.

मी बरणीच्या तळातलं काढलं. तेही निळं. बशी बदलली, स्वतःच्या हातानं धुतली, पुसली, परत थेंब टाकला. जांभळ्यापर्यंत गेलं. सुमन माझ्या खांद्यावरून बघत होती. तिनं टाळी वाजवली आणि सगळ्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बघा, बाबांचं मीठ पास झालं. मी बोलत नव्हते?”

मला वाटलं, बाईनं बदललं. बाबांच्या नकळत बरणी रिकामी करून भरली, आणि आता छान नाटक करतेय. मनात म्हटलं, शाबास. नियम पाळला गेला, म्हाताऱ्याचं मन राहिलं, डबे वाचले. फॉर्मवर सही केली. बाबा तोवर कालवणात मूठ सोडत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

* * *

तीन-चार दिवसांनी पेणच्या बाजारात एका किराणा दुकानात गेलो होतो. पोहे, पापड, मिरगुंड, मसाले सगळं विकणारं दुकान. दुकानदार गप्पिष्ट. लेबलं तपासत असताना त्यानं मला हसत हसत एक किस्सा सांगितला. आपल्यालाही दुसऱ्याचे किस्से ऐकायला लागतात कधी कधी.

तो म्हणाला, “साहेब, वडखळचा एक म्हातारा हाय. जल्मभर मिठागरवाला. आता दर मंगळवारी एसटीनं येतो नि माझ्याकडून मीठ विकत नेतो! सगळ्या कंपन्यांचं खडेमीठ काढायला लावतो. पिशव्या फोडून बोटानं चोळून बघतो. हा खडा बारीक, हा लयच पांढरा. एक पसंत पडलं एकदाचं. ते पण आयोडीनवालं हाय ना, हे मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग कापडी पिशवीत ओतून घेतो आणि रिकाम्या पिशव्या इथंच ठेवून जातो. घरी न्यायच्या नाय म्हणतो.”

आणि गल्ल्याखालून त्यानं रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा काढून दाखवला. त्याला खूप हसू येत होतं. मी लेबलं बघत राहिलो. कुठलं लेबल बघतोय ते मला दिसत नव्हतं.

बाहेर आल्यावर दत्तारामला सांगितलं. तो म्हणाला की मी चिडलो त्या दिवशी पडवीत म्हाताऱ्याचा हात बरणीत थांबला होता, हे त्यानं जीपमधून बघितलं होतं. मला का सांगितलं नाहीस म्हटलं, तर म्हणाला, “तुम्ही मोठ्यानं बोलत होतात.”

* * *

मेमध्ये, माझ्या शेवटच्या आठवड्यात, सुमनचं लायसन्स मंजूर होऊन आलं. आता ते कुणी हातात नेऊन देत नाही, ज्याचं तो वेबसाइटवरून काढून घेतो. मी प्रिंट काढून घेतली आणि स्वतः गेलो.

तपासणी पास झाल्याच्या कागदावर कँटीनवाल्यानं डबे सुरूही केले होते. ओट्यावर स्टीलच्या डब्यांची रांग. बाबा स्टुलावर, बरणी मांडीशी. लायसन्स त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, “पोरीचं नाव बराबर लिवलंय ना?” मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या जागेवरून एकदा अंगठा फिरवला आणि कागद मला परत दिला. मला त्यांना सांगायचं होतं की मला ठाऊक आहे. त्याऐवजी मी कागद समोरच्या भिंतीवर लावून दिला.

जेवल्याशिवाय सोडलं नाही. मीठ अगदी बेतशीर होतं.

निघालो तेव्हा सुमन जीपपर्यंत पोचवायला आली. दत्ताराम गाडी वळवत होता. पडवीतल्या गोण्यांकडे बघत ती म्हणाली, “साहेब, ही वरची गोण एप्रिलपासून तेवढीच्या तेवढी हाय.”

मी गोण्यांकडे बघितलं.

“मिठागरावर जल्माला आलेय मी. बाजारातलं मीठ मला बोटाला कळतं.”

“मग त्यांना बोलला नाहीत?”

“त्यांना वाटतंय मला कळलं नाय.” तिनं पदरानं हात पुसले. “तुम्ही पन नका सांगू.”

दोन ट्रकवाले आत येऊन बसले होते. त्यातल्या एकानं मीठ मागितलं. बाबा बरणी घेऊन हळूहळू उठले. सुमन दारातूनच आत बघत मोठ्यानं म्हणाली, “घ्या घ्या, आमच्या बाबांच्या मिठागराचं हाय. सरकारनं तपासलंय.”

बाबांनी त्याच्या ताटात चिमूट सोडली. “व्हय,” ते म्हणाले, “आमचंच हाय.”